डोंगरी सायकलीच्या हलक्या मुठींची निवड : वजन, पकड आणि हाताचे आरोग्य

प्रस्तावना

सायकलस्वाराचा आपल्या वाहनाशी प्रत्यक्ष संबंध तीनच ठिकाणी येतो : बैठक, पायडल आणि हँडलच्या दोन टोकांवरील मुठी. यांपैकी बैठकीविषयी स्वार पुष्कळ तक्रार करतो, पायडल व गिअर यांविषयी पुष्कळ चर्चा करतो. मुठीचा विचार मात्र सहसा करीत नाही. दुकानदाराने सायकलीबरोबर जी बसवून दिली ती मूठ, असेच बहुधा मानले जाते. मराठीत मूठ हा शब्द मिटलेल्या पंज्याला लावतात आणि ज्या वस्तूभोवती तो पंजा मिटतो तिलाही लावतात. भाषेने या दोहोंत भेद केला नाही हे लक्षात घेण्याजोगे आहे. कारण सायकलीची मूठही अखेर हातावरूनच निवडावी लागते.

गेल्या दोन-तीन दशकांत महाराष्ट्रात सह्याद्रीच्या पठारांवर आणि कच्च्या वाटांवर डोंगरी सायकल चालविण्याची हौस वाढली आहे. महाविद्यालयांच्या सायकल मोहिमाही निघतात. या हौसेचा एक ठरलेला टप्पा असा, की स्वार थोडा सरावला म्हणजे त्याला सायकल हलकी करण्याचा ध्यास लागतो. हलके चाक किंवा हलका सांगाडा महाग पडतो. मूठ मात्र स्वस्त, सहज बदलता येणारी आणि वेष्टनावर ग्रॅममध्ये वजन छापलेली असते. त्यामुळे हलकेपणाची सुरुवात पुष्कळदा मुठीपासून होते. ही सुरुवात कितपत योग्य आहे आणि हलकी मूठ घ्यावयाचीच झाल्यास तिचा हलकेपणा कोठून आला हे कसे ओळखावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी

डोंगरी सायकलीचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन परगण्यात झाला. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण जुन्या, जाड टायरच्या, वजनदार सायकली टमॅल्पाइस पर्वतावर नेऊन कच्च्या उतारावरून भरधाव सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे ‘रिपॅक’ या नावाने ओळखली जाणारी उताराची पहिली शर्यत झाली. उतरताना मागच्या चाकातील पायब्रेक इतका तापे की त्यातील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक खेपेनंतर ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले. त्या सायकलींवर मोटारसायकलीच्या ब्रेकदांड्या बसविलेल्या असत. वजनाची फिकीर कोणाला नव्हती, कारण चढ बहुधा ट्रकमधून किंवा सायकल ढकलत पार केला जाई.

पुढे चित्र पालटले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी सांगाडा तयार केला. १९८१ मध्ये ‘स्टम्पजंपर’ ही मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली डोंगरी सायकल बाजारात आली. १९९० मध्ये कोलोराडोतील डुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. ऑलिंपिकमधील शर्यत ही ‘क्रॉस-कंट्री’ प्रकारची, म्हणजे चढ-उतारांच्या फेऱ्यांची असते. चढ आला की वजन आले. हलक्या मुठीचा आग्रह याच शर्यतींतून हौशी स्वारांपर्यंत झिरपला, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र ऑलिंपिकमधील स्पर्धक सुमारे दीड तास शर्यत करतो, तर हौशी स्वार रविवारी सहा तास सायकलीवर असतो. हा फरक वेष्टनावर छापलेला नसतो.

ग्रॅमचा हिशेब

मुठीचे वजन कशावर ठरते हे शालेय गणिताने काढता येते. डोंगरी सायकलीच्या हँडलचा मुठीखालील बाह्य व्यास जवळजवळ सर्वत्र २२.२ मि.मी. म्हणजे पाऊण इंचाहून थोडा अधिक, नेमके सांगावयाचे तर सात अष्टमांश इंच असतो. ३० मि.मी. बाह्य व्यासाची आणि १३० मि.मी. लांबीची मूठ घेतल्यास तिच्यातील पदार्थाचे घनफळ सुमारे ४१.५ घन सें.मी. भरते. भरीव रबराची घनता सुमारे १.१ धरली तर एका मुठीचे वजन ४६ ग्रॅम आणि जोडीचे ९२ ग्रॅम येते. तीच मूठ फुगविलेल्या सिलिकॉनची केली तर घनता साधारण निम्म्यावर येते व जोडी ४५ ते ५० ग्रॅममध्ये बसते. ईव्हीए नावाच्या फेसाळ प्लास्टिकची (चपलांच्या तळव्यांत वापरतात ते) केली, तर जोडीचे वजन १२-१५ ग्रॅमपर्यंतही खाली येऊ शकते.

जाडीचा परिणामही याच हिशेबात दिसतो. व्यास ३० वरून ३२ मि.मी. केला की प्रत्येक मुठीत सुमारे १२.७ घन सें.मी. पदार्थ वाढतो. रबरात त्याचे जोडीमागे २८ ग्रॅम होतात, फुगविलेल्या सिलिकॉनमध्ये १४ च्या आसपास. यावरून हलकेपणाचे तीन उगम स्पष्ट होतात. पहिला, पदार्थ विरळ करणे; दुसरा, मूठ बारीक किंवा आखूड करणे; आणि तिसरा, मुठीला हँडलवर आवळून धरणारी धातूची कडी काढून टाकणे. तिन्ही मार्गांनी वजनकाट्यावर सारखेच ग्रॅम वाचतात. हाताला मात्र ते सारखे नसतात, आणि निवडीचा सारा प्रश्न येथेच आहे.

वाचलेल्या ग्रॅमचे मोल किती, हेही पाहिले पाहिजे. जड जोडीऐवजी हलकी जोडी घेऊन ६० ग्रॅम वाचले असे समजू. स्वार, सायकल, पाणी मिळून एकूण वजन ८५ किलो असेल, तर वाचलेला भाग हजारी एकापेक्षाही कमी, म्हणजे ०.०७ टक्के होतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठावयाचे तर हजार मीटरहून अधिक उंची चढावी लागते. हजार मीटर उंचीवर ६० ग्रॅम वजन नेण्यास सुमारे ५९० ज्यूल कार्य लागते. मानवी स्नायूंची कार्यक्षमता २०-२५ टक्के धरूनही चिमूटभर साखरेतून याहून अधिक ऊर्जा मिळते. तासाभराच्या चढणीत वेळेची बचत फार तर अडीच सेकंद. शिवाय मूठ फिरणारा घटक नाही. चाकाच्या बाबतीत वेग घेताना हलकेपणाचा जो थोडा अधिक लाभ मिळतो, तोही येथे नाही. पाठीवरच्या बाटलीतून चार घोट पाणी प्यायले की याहून अधिक वजन सायकलीवरून उतरते, असे नव्हे. ते बाटलीतून पोटात जाते एवढेच. पण घरून निघताना बाटली किती भरावी याचा विचार मुठीच्या ग्रॅमपेक्षा अधिक फलदायी ठरेल, हे खरे.

करंगळीची बधिरता

मुठीच्या चुकीच्या निवडीची किंमत प्रथम करंगळीला मोजावी लागते. तळहाताच्या करंगळीकडील उंचवट्याच्या बुडाशी, मनगटाच्या पिसिफॉर्म आणि हॅमेट या दोन लहान हाडांमध्ये एक अरुंद मार्ग आहे. फ्रेंच शल्यविशारद फेलिक्स गियों यांनी १८६१ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. या मार्गातून अल्नर मज्जातंतू पंज्यात उतरतो. करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची संवेदना तसेच पंज्यातील बहुतेक बारीक स्नायूंची हालचाल त्याच्यावर अवलंबून असते. येथे त्याच्यावर मांसल आच्छादन फारसे नाही. स्वार पुढे वाकून शरीराचा भार मुठीवर टाकतो तेव्हा नेमका हाच भाग दाबला जातो.

आधी करंगळीला मुंग्या येतात, मग ती बधिर होते. सायकल थांबवून हात झटकले की बरे वाटते आणि स्वार पुढे निघतो. हेच पुनःपुन्हा घडत राहिले तर शक्तीवर परिणाम होतो. अंगठा तर्जनीच्या बाजूला दाबून धरणाऱ्या स्नायूला याच मज्जातंतूची शाखा जाते. त्यामुळे अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कागद धरून दुसऱ्याने तो ओढला असता, अंगठ्याचे टोकाकडील पेर वाकवल्याशिवाय कागद धरून ठेवता येत नाही. फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ फ्रोमाँ यांच्या नावाने ही साधी कसोटी प्रसिद्ध आहे. रविवारची सफर आटोपून सोमवारी फळ्यापाशी उभ्या राहिलेल्या अध्यापकाच्या बोटांतून खडू निसटू लागला, किंवा मोहिमेवरून परतलेल्या विद्यार्थ्याचे अक्षर बिघडले, तर तो केवळ थकवा समजून सोडून देऊ नये. बहुतेकांना विश्रांतीने आराम पडतो, पण त्यास आठवडे आणि क्वचित महिनेही लागतात. अशक्तपणा टिकून राहिल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक होय.

हा त्रास अपवादात्मक नाही. सन २००३ मध्ये क्रीडावैद्यकविषयक एका अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार दिवसांत ६०० कि.मी. अंतर कापणाऱ्या २५ सायकलस्वारांची प्रवासापूर्वी व प्रवासानंतर तपासणी करण्यात आली. त्यांपैकी २३ जणांच्या हातांत संवेदनेचा, शक्तीचा किंवा दोन्हींचा दोष आढळला. आणि संवेदनेतील घट डोंगरी सायकल वापरणाऱ्यांमध्ये अधिक होती. याचे कारण समजण्यासारखे आहे. रस्त्यावरच्या शर्यती सायकलीचे हँडल खाली वळलेले असते व त्यावर हात ठेवण्याच्या तीन-चार जागा असतात. डोंगरी सायकलीचे हँडल सरळ असल्याने हात तासन्‌तास एकाच जागी राहतो.

दाबाच्या जोडीला कंपने असतात. कारखान्यांत हातयंत्रे चालविणाऱ्या कामगारांसाठी युरोपीय संघाने २००२ मध्ये कंपनांच्या मर्यादा ठरवून दिल्या : आठ तासांच्या दिवसासाठी २.५ मीटर प्रति वर्ग सेकंद झाल्यास उपाययोजना सुरू करावी आणि ५ मीटर प्रति वर्ग सेकंद ही मर्यादा ओलांडू नये. हे नियम खेळाला लागू नाहीत. तथापि हातांना बसणारी कंपने ही मोजण्याची व आटोक्यात ठेवण्याची गोष्ट आहे, एवढा बोध त्यांवरून घेता येतो. मात्र मऊ मुठीकडून भलती अपेक्षा करू नये. चार-पाच मिलिमीटर फेसाचा थर जलद, बारीक थरथर शोषतो. दगडावरून किंवा खड्ड्यातून येणारा मोठा, संथ धक्का त्यातून जवळजवळ जसाच्या तसा हातापर्यंत पोहोचतो. तो धक्का टायरने, पुढच्या चिमट्यातील शॉकअब्सॉर्बरने आणि सैल ठेवलेल्या कोपरांनी घ्यावयाचा असतो. टायरमधील हवा बेताची केल्याने हातांना जेवढा आराम मिळतो तेवढा बाजारातील कोणतीही मूठ बदलून मिळणे कठीण, आणि हवा कमी करण्यास पैसे पडत नाहीत.

जाडी : निवडीचा पहिला निकष

वरील विवेचनावरून हलकेपणाच्या तीन उगमांपैकी दुसरा, म्हणजे मूठ बारीक करण्याचा मार्ग, सर्वांत घातक का ठरतो हे दिसून येईल. मूठ बारीक झाली की भार कमी क्षेत्रफळावर एकवटतो. शिवाय बारीक वस्तू धरून ठेवण्यास बोटे अधिक आवळावी लागतात आणि कोपराखालचे स्नायू ताठरतात. लांब उतारानंतर ब्रेक दाबणारी बोटे उघडेनाशी होतात, याचा अनुभव अनेकांना असेल. हाताने पूर्ण जोर लावून धरावयाच्या हत्यारांसाठी कार्यसुलभताशास्त्रात साधारण ३० ते ५० मि.मी. व्यासाचा दांडा योग्य मानतात. नांगराचे रुमणे किंवा कुदळीचा दांडा पिढ्यान्‌पिढ्या याच मापाच्या आसपास का राहिला, याचे उत्तरही कदाचित येथेच सापडेल. सायकलीवर मात्र त्याच हाताने ब्रेकची दांडीही गाठावयाची असल्याने वरची मर्यादा खाली येते. बाजारातील बहुतेक मुठी २८ ते ३४ मि.मी. या टप्प्यात असतात.

निवडीची व्यावहारिक रीत सोपी आहे. नेहमीचे हातमोजे घालून मूठ सहजपणे धरावी. बोटांची टोके तळव्यात रुतत असतील तर मूठ बारीक आहे. टोके आणि अंगठ्याचा उंचवटा यांत मोठी फट राहत असेल तर ती जाड आहे. टोके तळव्याला जेमतेम टेकतात ती जाडी योग्य समजावी. लहान हातांच्या स्वारांनी, विशेषतः विद्यार्थिनींनी, ‘जाड म्हणजे आरामदायक’ या सरसकट सल्ल्याकडे दुर्लक्ष करावे, ३४ मि.मी. ची मूठ त्यांना आराम देण्याऐवजी दमवील. मोहिमेसाठी एकाच मापाच्या वीस जोड्या खरेदी करणे सोयीचे असले तरी शहाणपणाचे नाही.

पदार्थ आणि कडी

जाडी ठरल्यानंतर पदार्थाचा विचार करावा. फुगविलेल्या सिलिकॉनच्या मुठी हा या विषयातील एक सुखद अपवाद होय. येथे हलकेपणा आणि आराम एकाच दिशेने जातात. कॅलिफोर्नियातील ईएसआय या उत्पादकाची ३२ मि.मी. जाडीची प्रसिद्ध जोडी सुमारे ६० ग्रॅम भरते. तिचा हलकेपणा जाडीतून कापून घेतलेला नाही, पदार्थाच्या विरळपणातून आलेला आहे. सिलिकॉन घाम शोषत नाही, उन्हाने चटकन कडक होत नाही आणि कोरड्या हातात उत्तम बसते. त्याचे दोष दोन : सायकल पडली की दगडाने किंवा झाडाच्या खोडाने ते फाटते, आणि चिखल लागला की त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग निसरडा होतो. ज्या प्रदेशात चार महिने पाऊस आणि तांबडी माती यांचा सहवास असतो, तेथे दुसरा दोष लहान मानता येणार नाही.

ईव्हीएच्या अतिहलक्या मुठी शर्यतीपुरत्या ठीक. दाबाखाली त्या लवकर चपट्या होतात आणि मग जाडीचा लाभ उरत नाही. भरीव रबर जड खरे, पण त्यावर खोल नक्षी कोरता येते आणि ओल्या हातांना ती नक्षीच उपयोगी पडते. फार मऊ रबर उन्हाळ्यात चिकट होते. पूर्वीच्या सायकलींवरील बुचाच्या मुठी दिसायला देखण्या असत. डोंगरावर त्यांचा निभाव लागणे अवघड.

आता तिसरा उगम. २००० च्या सुमारास कड्यांनी आवळावयाच्या मुठी प्रचारात आल्या. प्लास्टिकच्या नळीवर रबराचा पातळ थर आणि टोकाला अ‍ॅल्युमिनियमची कडी, अशी त्यांची रचना. यांची जोडी साधारण ९० ते १३० ग्रॅम भरते. वजनाचा बराच भाग नळी आणि कड्यांत जातो आणि कठीण नळीमुळे त्याच जाडीत मऊ थर कमी उरतो. तरीही या मुठी डोंगरी सायकलींवर सर्वत्र पसरल्या, कारण त्या फिरत नाहीत. तीव्र उतारावर हाताखाली मूठ गर्रकन फिरली तर स्वार तोंडावर आपटतो; अशा प्रसंगी वाचवलेल्या ५० ग्रॅमचे कौतुक कोणी करणार नाही. पावसाळ्यात जे सायकल चालवितात आणि उतार ज्यांना प्रिय आहेत, त्यांनी हे वजन निमूटपणे वाहावे. वजन कमीच करावयाचे असेल तर केवळ आतल्या बाजूस एक कडी असलेला प्रकार पाहावा. त्यात बाहेरची कडी नसल्याने तळहाताची कडाही धातूवर टेकत नाही.

पंखासारखा पसरट भाग असलेल्या मुठी या यादीत हलक्या म्हणून बसत नाहीत. त्यांची जोडी अनेकदा दीडशे ग्रॅमच्या पुढे जाते. परंतु ज्यांना करंगळीचा त्रास सुरू झाला आहे आणि ज्यांच्या सफरी लांब पण फारशा खडतर नसतात, त्यांनी वजन विसरून त्यांचाच विचार करावा. दाब पसरविणे हे त्यांचे काम त्या उत्तम करतात. खडतर उतारावर मनगट सतत फिरवावे लागते, तेथे तो पंख आड येतो.

टोकाचे बूच

हलकेपणाच्या नादात काही स्वार मुठीच्या टोकाचे बूचही काढून टाकतात किंवा हरवल्यावर पुन्हा बसवीत नाहीत. याने दोन-चार ग्रॅम वाचतात. उघडी नळी मात्र पडताना पोटात घुसणाऱ्या पट्टीसारखी काम करते. हँडलच्या टोकाने पोटाला मार लागून यकृत, प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतडे यांना इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात, विशेषतः मुलांच्या बाबतीत, वारंवार नोंदली गेली आहेत. बाहेरून केवळ गोल वळ दिसतो, आतली इजा काही तासांनी लक्षात येते. सायकलींच्या सुरक्षिततेविषयीच्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकात हँडलची टोके मुठीने किंवा बुचाने बंद असावीत आणि ती गोठवल्यानंतरही ७० न्यूटनच्या, म्हणजे सुमारे सात किलोच्या ओढीने निघू नयेत, अशी अट आहे. मोहिमेपूर्वी सायकली तपासताना ब्रेक आणि टायर यांच्याबरोबर ही टोकेही अंगठ्याने दाबून पाहावीत.

बसविण्याची रीत

कडी नसलेली मूठ केवळ घर्षणाने हँडलवर टिकते, म्हणून ती कशी बसवली यावरच तिची सुरक्षितता अवलंबून राहते. गल्लीतल्या दुकानांत साबणाच्या पाण्याने मूठ सरकविण्याची पद्धत आहे. ती सोपी असली तरी साबणाचा थर आत राहतो आणि पहिल्या पावसात किंवा घामात तो पुन्हा ओला होऊन मूठ फिरू लागते. तेल किंवा ग्रीस तर मुळीच वापरू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल हा योग्य पर्याय होय. औषधाच्या दुकानात ते मिळते. हँडल आधी त्यानेच पुसून कोरडे करावे, मग मुठीच्या आत थोडे ओतून मूठ एका दमात सरकवावी. सिलिकॉनची मूठ ओढू नये, मागून ढकलावी. ओढल्यास ती लांबते, बारीक होते आणि फाटण्याचाही संभव असतो. अल्कोहोल उडून गेल्यावर पकड घट्ट बसते. काही तासांत हे होते, तथापि रात्रभर थांबणे बरे. सकाळी निघावयाचे असेल तर मुठी सकाळी बदलू नयेत.

कडीची मूठ असेल तर उत्पादकाने सांगितलेल्या पिळापेक्षा अधिक आवळू नये. हँडल कार्बनचे असल्यास टॉर्क पाना वापरणे अगत्याचे ठरते, कारण अति आवळल्याने पडलेली चीर वरून दिसत नाही. मूठ बसल्यावर ब्रेकदांडीचा कोन पुन्हा पाहावा : बैठकीवर बसून बोट दांडीवर ठेवले असता मनगट वर किंवा खाली न मोडता कोपरापासून सरळ रेषेत आले पाहिजे. नव्या मुठी घेऊन पहिली सफर एक-दोन तासांचीच करावी, आणि परतल्यावर करंगळीचे टोक नखाने हलके टोचून दोन्ही हातांची संवेदना सारखी आहे का ते पाहावे.